साचा

तीन मजले, लिफ्ट नाही,
त्यावर गच्चीची लोखंडी शिडी, चौदा पायऱ्या,
त्यातली नववी सैल.
नेरूळला सिडकोने घर दिलं तेव्हा
आकाशाकडे जायचा रस्ता कुणी मोजला नव्हता.

पीव्हीसीची जुनी नळी साडेसहा किलो.
उजवा खांदा आखडल्यापासून
शनी माझ्यापुरता चार महिने मावळलेलाच.
आरसा तयार, सहा इंची,
बँक सोडली त्या वर्षी पिंपाभोवती फिरत फिरत
कारबोरंडमच्या चिखलात घासलेला.
तो कपाटात, साड्यांच्या घडीत,
तोंड वर करून.

दिवाळे कोळीवाड्यात धर्माजी होड्या शिवतो.
फायबरच्या. शिवणं हे लाकडाच्या काळातलं,
त्याच्या तोंडात राहून गेलेलं.
मी आकृती दाखवली.
"दोनी बाजू उगड्या?
मंग बुरंल ना गो."

त्याच्याकडचं रेझिन होडीचं, उग्र.
थर्माकोलच्या पट्ट्यांवर फिरवलं
आणि आमच्या डोळ्यांदेखत पट्ट्या
चहातल्या साखरेसारख्या गेल्या.
तो हसला नाही. ब्रश पुसला.
दुसऱ्या खेपेला तुर्भ्याहून इपॉक्सी आणलं,
मधासारखं, आणि मधाहून महाग;
भिशीचे अडीच हजार त्यात.

साचा म्हणजे तीच जुनी नळी.
जिच्या वजनाने घरी बसवलं
तिच्याच अंगावर हलकेपण गुंडाळायचं:
आधी काचेचं कापड, मग पट्ट्या, मग परत कापड.
पुरण कुठे सरलं ते लाटण्याला कळतं
तसे हातमोज्यातून बुडबुडे कळत होते.
एक थर, दुसरा,
मग तिसरा, नको असलेला,
कारण माझा जीव घाबरला.

"मेन लावलंस ना पयलं?"
लावलं होतं.
खालची वीतभर जागा सोडून.

सोमवारी साचा सुटेना.
लाकडी ठोकळा, हातोडी,
त्याच्या दोन मुलांचे चार हात,
एकाने तर पायही लावला.
मी म्हणाले, राहू दे, कापू या.
धर्माजीने बिडी विझवली, आत गेला
आणि बर्फाचं खोकं घेऊन आला, बोंबलांखालचा बर्फ.
नळीच्या तळाशी गोणपाट कोंबलं,
वरून बर्फ, गळ्यापर्यंत.

मग आम्ही बसलो.
खाडीला भरती लागली होती,
बांधलेल्या होड्या एकमेकींना हलकेच धडकत होत्या.
गोणपाटातून पाणी टिपकत राहिलं.
कुणी काही बोललं नाही, मोठा मुलगा फोनवर क्रिकेट बघत होता.
वीसेक मिनिटांनी
नख तुटावं एवढा आवाज.
जुनी नळी थंडीने स्वतःत आक्रसली,
केसभर, बास,
आणि बाहेरची मोकळी झाली.

परतताना रद्दीवाल्या मौर्याच्या काट्यावर ठेवली.
एक किलो आठशे वीस.
"पुठ्ठ्याच्या भावाने?" त्याने विचारलं.

आतून काळा रंग दिला, दोन हात.
टोकाशी एक सुरकुती राहिली आहे, तिसऱ्या थराची,
टॉर्च मारला की दिसते.
टॉर्च मारत नाही.

काल नववी पायरी टाळून वर गेले,
नळी डाव्या काखेत, चटईसारखी.
पाम बीच रोडने आभाळ पिवळं करून ठेवलेलं,
तारे मोजके, तोंडओळखीचे.
शनी सापडला. कडं अगदी बारीक,
सुईत ओवता येईल असं.
मी डोळा लावला, श्वास घेतला,
आणि सव्वाशे कोटी किलोमीटरवरून
बोंबलाचा वास आला.

रविवारी धर्माजी येणार आहे बघायला.
त्याआधी ती पायरी आवळून घ्यायला हवी.